जीपचें स्टिअरिंग उतरवितांना व चढवितांना

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या दारीं जुनी जीप उभी आहे त्यांची संख्या आतां पूर्वींइतकी राहिलेली नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि मळ्यांत, वस्तीवर व खळ्याच्या कडेस अशा गाड्या अद्याप दृष्टीस पडतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचें काम मालक स्वतः किंवा घरचा एखादा हुन्नरी मुलगा करीत असतो. इंजिनाचें काम चुकलें तर गाडी जागच्या जागीं अडते व फार झालें तर पैसा जातो. स्टिअरिंगचें काम चुकलें तरी गाडी चालूच राहते, आणि भय तें येथेंच. आम्ही कांहीं मिस्त्री नव्हों. उभा जन्म महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेला. परंतु एका जीपचें स्टिअरिंग आमच्या देखत, किंबहुना आमच्या सल्ल्यानें, उतरविलें व चढविलें गेलें आणि त्या कामांत आमच्याकडून एक चूक झाली. ती पुढें तिच्या जागीं सांगूं. तिच्यावांचून हा लेख लिहिण्याचें आम्हांस कांहीं कारण नव्हतें.

जीप ही गाडी दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं निर्माण झाली. १९४१ ते १९४५ या काळांत विलीस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. आपल्याकडे स्वातंत्र्यप्राप्तीनंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच महिंद्र कंपनीनें मुंबईस तिची जुळणी हातीं घेतली व पुढें संपूर्ण गाडीच येथें बनूं लागली. मामलेदार कचेरी, पाटबंधारे, पोलीस, जंगल, जें जें म्हणून खातें खेड्यापाड्यांत फिरणारें, त्या प्रत्येकाच्या दारांत पुढें हीच गाडी उभी दिसूं लागली. पैसेवारीच्या पाहणीस व गारपिटीच्या पंचनाम्यास जातांना मागच्या आडव्या बांकावर दप्तर मांडीवर घेऊन आम्हीही तिच्यांतून पुष्कळ धूळ खाल्ली आहे. १९९८ सालीं अशीच एक निकालीं निघालेली पेट्रोलची जीप आमच्या थोरल्या बंधूंनीं लिलावांत घेतली. पुढें ती आमच्या पुतण्याकडे आली. आमचें गांव नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचें. ऊस, कांदा, टोमॅटो यांची ने-आण व आठवड्याचा बाजार हीं दोन्हीं कामें ती गाडी विनातक्रार करी.

२००९ च्या उन्हाळ्यांत तिचें स्टिअरिंग ढिलें झालें. हातांतील चाक वीतभर फिरवावें तेव्हां कोठें पुढील चाकांस त्याची वार्ता पोहोंचे. स्टिअरिंग ढिलें झालें म्हणजे कॉलम उतरविलाच पाहिजे असा पुष्कळांचा समज असतो, आणि आमच्या पुतण्याचाही तोच होता. दोष कोठें आहे याची चौकशी केल्यावांचून पाना हातीं घेणें म्हणजे वहिवाट कोणाची हें न पाहतां फेरफार मंजूर करण्यासारखें आहे. म्हणून प्रथम त्या चौकशीची रीत सांगतों.

स्टिअरिंग म्हणजे एक सांखळी आहे. हातांतील चाक दांड्यावर बसलेलें. तो दांडा ज्या नळींतून खालीं उतरतो ती नळी म्हणजे कॉलम. खालीं चॅसिसला बोल्टांनीं आवळलेली पेटी, जिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. पेटींतून बाहेर आलेल्या शाफ्टावर ड्रॉप आर्म. ड्रॉप आर्मपासून पुढें जाणारी ड्रॅग लिंक. आणि शेवटीं दोन्ही चाकांस एकत्र वळविणारे टाय रॉड. यांपैकीं कोणतीही कडी झिजली तरी वर हातांत लागणारा ढिलेपणा सारखाच. तेव्हां मागील चाकांस दगड लावावे, इंजिन बंद ठेवावें, पुढील चाकें जमिनीवरच टेकलेलीं असूं द्यावीं, आणि एकानें गाडींत बसून हातांतील चाक थोडें थोडें डावीकडे व उजवीकडे हालवावें. दुसऱ्यानें खालीं निजून एकेका सांध्यावर बोट ठेवीत पाहावें. दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म स्वस्थ राहतो, तर दोष पेटींत आहे. आर्म हालतो पण ड्रॅग लिंक मागाहून हालते, तर तिच्या टोंकांतील बॉल व वाट्या झिजल्या. संबंध पेटीच चॅसिसवर डुलत असेल तर बोल्ट सैल झाले किंवा चॅसिसला तडा गेला, आणि तडा असेल तर इतर सर्व विचार बाजूस ठेवून प्रथम त्याचा बंदोबस्त करावा. त्यानंतर पुढील चाक जॅकवर उचलून वरखालीं धरून हालवावें, म्हणजे किंगपिनचा व चाकाच्या बेअरिंगचा ढिलेपणा कळतो. टायरांतील हवा कमी असल्यानेंही गाडी रस्ता सोडून भलतीकडे ओढते. या सर्व गोष्टींस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं व पैसा तर लागतच नाहीं.

आमच्या गाडीच्या बाबतींत दोष पेटींतच निघाला. शाफ्टाच्या सीलमधून तेल गळून पेटी कोरडी पडली होती व कोरडी पेटी कित्येक महिने चालविली गेली होती.

पेटींत काय असतें तें माहीत नसेल तर पुढील सूचनांचें मर्म ध्यानीं येणार नाहीं. जुन्या बांधणीच्या जीपमध्यें रॉस पद्धतीची पेटी असते. दांड्याच्या खालच्या टोंकास मळसूत्राप्रमाणें खोल चर पाडलेला पोलादी तुकडा असतो, त्यास कॅम म्हणतात. आडव्या शाफ्टावरील निमुळत्या पिना या चरांत शिरलेल्या असतात. चाक फिरविलें कीं चर फिरतो, पिना चरांतून सरकतात, आणि त्यांच्यामागून शाफ्ट व ड्रॉप आर्म वळतात. या चराच्या घडणींत एक मौज आहे. गाडी सरळ चालली असतां पिना चराच्या ज्या मध्यभागीं असतात तेथें चर किंचित् अरुंद ठेवलेला असतो, कारण सरळ रस्त्यावर ढिलेपणा मुळींच नको असतो. दोन्हीं टोंकांकडे तो थोडा सैल असतो. यावरून उघडच होतें कीं, ढिलेपणा काढण्याचा स्क्रू आवळावयाचा तो पिना मध्यभागीं असतांनाच. चाक एका बाजूस वळलेलें असतांना आवळला, तर तेथें बरोबर वाटेल व गाडी सरळ करतांना पेटी मध्यभागीं जाम होईल. वळणावरून गाडी सरळ होत नाहीं असा अनुभव ज्यांस आला असेल, त्यांनीं या स्क्रूचा संशय घ्यावा. नंतरच्या कांहीं गाड्यांत छर्ऱ्यांवर चालणारी निराळी पेटी आली. तिची अंतर्रचना वेगळी असली तरी मध्यभागाचा हा नियम तिलाही लागू आहे.

आतां उतरविण्याचें काम. गाडी सपाट जागीं घेऊन पुढील चाकें नजरेनें अगदीं सरळ करावीं. बॅटरीची वायर प्रथम सोडावी. जुन्या जीपमध्यें चावी बंद असतांनाही हॉर्नच्या तारेंत वीज असते, आणि सुटलेली तार पत्र्यास लागली तर ठिणगी उडते. पेट्रोलच्या गाडीखालीं ठिणगी नको.

यानंतर पंचनामा करावा. आमच्या पुतण्यास हा शब्द ऐकून हसूं आलें, परंतु आम्हांस दुसरा शब्द सुचत नाहीं. मोजणीस जातांना हद्दीचे दगड प्रथम पाहावे लागतात, तसेंच येथें. चाकाच्या मधल्या तुंब्यावर व दांड्याच्या टोंकावर समोरासमोर एक रेघ अणकुचीदार खिळ्यानें कोरावी. ड्रॉप आर्म व त्याचा शाफ्ट यांवरही तशीच रेघ कोरावी. खडूची खूण करूं नये, ती ग्रीसनें पुसली जाते व मग दोन माणसें दोन निरनिराळ्या जागा शपथेवर सांगतात. आर्म व शाफ्ट यांच्या जोडास बारीक दांते असतात. एका दांत्यानें आर्म इकडेतिकडे बसला तर गाडी एका बाजूस अधिक वळते व दुसऱ्या बाजूस कमी; अरुंद बांधावरून गाडी फिरवितांना याचा प्रत्यय येतो. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल असतो. प्रत्येक सांधा सोडण्यापूर्वीं त्याचा फोटो काढून ठेवावा. आमच्या वेळीं आम्हीं पाठकोऱ्या कागदावर आकृत्या काढल्या व त्या पुढें उपयोगीं पडल्या.

हॉर्नचें बटण व तार काढल्यावर चाकाचा मोठा नट सैल करावा, परंतु पुरता काढूं नये. चार आटे राहूं द्यावे व मग पुलर लावावा. वर्षानुवर्षे बसलेलें चाक एकाएकीं सुटतें, आणि नट नसेल तर तें ओढणाराच्या तोंडावर येतें. पुलर नाहीं म्हणून दांड्याच्या टोंकावर हातोडी मारण्याची जी चाल आहे ती सर्वथा वाईट. वरचा प्रत्येक घाव खालीं पेटींतील बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर पडतो, आणि दांड्याचे आटे बसतात तें वेगळेंच. पुलर तालुक्याच्या गांवीं भाड्यानें मिळतो.

मग खालचें काम. ड्रॅग लिंकच्या टोंकांतील स्प्लिट पिन सरळ करून काढावी व टोंकाचा स्क्रू सोडावा. त्यामागून स्प्रिंग व वाट्या बाहेर येतात. त्या ज्या क्रमानें आल्या त्या क्रमानें फडक्यावर मांडाव्या. दोन्हीं टोंकांचा क्रम एकच असेल असें समजूं नये. ड्रॉप आर्मचा नट काढून आर्मलाही पुलरच लावावा. गंजामुळें तो हालत नसेल तर रात्रभर रॉकेलांत भिजवून ठेवावा, पुलर ताणून धरून सकाळीं पुन्हां पाहावें. गॅसच्या ज्योतीनें लाल करून काढण्यास मात्र कोणासही परवानगी देऊं नये. आर्मला कारखान्यांत जें पाणी दिलेलें असतें तें तापविल्यानें उतरतें, आणि मग तो वाकतो किंवा तुटतो; केव्हां, हें सांगतां येत नाहीं.

शेवटीं डॅशबोर्डाखालचा कॉलमचा पट्टा, फळीवरील झांकण व चॅसिसवरील पेटीचे बोल्ट हीं सोडलीं कीं कॉलम व पेटी एकसंध बाहेर येतात. आमच्या गाडींत मडगार्ड सैल करावें लागलें. दोघांनीं धरावें, एकानें वरचें टोंक व दुसऱ्यानें पेटी. एकट्यानें ओढल्यास नळी वाकते. येथवर आम्हांस एक सकाळ पुरली, आणि पुतण्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता कीं जणूं काम झालेंच.

पेटी उघडून आंतील पिनांचा शाफ्ट, बेअरिंग व सील बदलण्याचें काम तालुक्याच्या गांवीं एका वृद्ध मिस्त्रींनीं केलें. तें घरीं करावें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तेथें बसून आम्हीं पाहिलें, व जें पाहिलें तें सांगतों. कॅमच्या वर पातळ पत्र्याचे शिम असतात. ते कमी केले कीं दांड्याचा वरखालीं होणारा हाल जातो. मिस्त्री एकेक शिम काढीत व प्रत्येक वेळीं दांडा हातानें फिरवून पाहत. हाल गेला पाहिजे व दांडा जडही वाटतां कामा नये. तो प्रकार पुरा झाल्यावरच त्यांनीं बाजूच्या स्क्रूस हात लावला. त्यासाठीं दांडा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून फेरे मोजले, बरोबर अर्धे फेरे मागें घेतले, आणि त्या मध्यावर स्क्रू आवळून वरचा नट बंद केला. मग पेटींत नव्वद नंबरचें तेल भरलें. ग्रीस कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. ग्रीस एकदां बाजूस सरलें कीं पुन्हां पिनांकडे येत नाहीं, तेल आपल्या पायांनीं परत येतें, असें ते म्हणाले.

चढवितांना लोक घाई करतात. काढलेलेंच उलट्या क्रमानें बसवावयाचें, त्यांत काय आहे, असें वाटतें. पहिली गोष्ट अशी कीं, पेटीचे चॅसिसवरील बोल्ट आधीं आवळावे व त्या वेळीं डॅशबोर्डाखालचा पट्टा सैलच ठेवावा. पेटी बसल्यावर कॉलम स्वभावतः जेथें टेकेल तेथेंच त्यास पट्ट्यानें धरावें. पट्टा आधीं आवळून मग पेटी ओढून बसविली तर दांडा नळींत वाकून राहतो. पेटी नवी असूनही स्टिअरिंग जड लागतें, आणि बिचाऱ्या मिस्त्रीस दोष मिळतो. बैलगाडीची साटी वांकडी बसवून बैलास काठी मारण्यापैकींच हें आहे. दुसरी गोष्ट, आर्म जोडण्यापूर्वीं दांड्याचे फेरे पुन्हां मोजून तो मध्यावर आणावा, गाडीचीं पुढील चाकें सरळ आहेत हें पाहावें, आणि मग कोरलेल्या रेघा जुळवून आर्म बसवावा. रेघा जुळतात पण मध्य जुळत नाहीं असें झालें तर थांबावें. कोठें तरी कांहीं तरी चुकलें आहे. तिसरी गोष्ट, आर्मच्या नटाखालीं नवा लॉक वॉशर घालावा.

चौथी गोष्ट स्प्लिट पिनची. येथें आमचें प्रकरण येतें.

संध्याकाळ झाली होती व दुसऱ्या दिवशीं कांदा न्यावयाचा होता. ड्रॅग लिंकच्या पुढील टोंकाची जुनी पिन काढतांनाच तुटली होती. वाट्या, स्प्रिंग, स्क्रू सर्व कांहीं बसलें आणि पुतण्या गाडीखालूनच म्हणाला, "काका, पिन तुटलीय. बाइंडिंगची तार घालून पिळूं का?" आम्ही बाजूस बाजेवर बसलों होतों. पिन म्हणजे कांहीं हात-दोन हात लांबीची वस्तु नव्हे, दुकान बंद झालें असेल, सकाळीं आणतां येईल, असे विचार एकामागून एक आमच्या मनांत आले, आणि आम्ही म्हणालों, "घाल. चालून जाईल." सकाळीं कोणासच आठवण राहिली नाहीं.

चालून गेलें, तें तीन आठवडे. मृगाचा पाऊस होऊन गेला होता व पुतण्या बियाणें आणावयास निघाला होता. बरोबर सूनबाई व त्यांचा सहा वर्षांचा मुलगा होता. कालव्याच्या कडेनें जाणारा रस्ता आहे. एका अंगास भरलेला कालवा व दुसऱ्या अंगास उंसाचें रान. वेग फार तर ताशीं ३० किलोमीटर असेल. एका खड्ड्यावरून गाडी उतरली आणि पुतण्याच्या हातांतील चाक एकदम हलकें झालें. तो सांगतो कीं तें हलकेपण हातांस अद्याप आठवतें. विहिरींत सोडलेल्या बादलीचा दोर तुटावा तसें. चाक तो फिरवी आणि गाडी आपल्या मनानें जाई. ती उंसाच्या अंगास गेली, बांध उतरली व बाभळीच्या बुंध्यावर जाऊन अडली. मुलगा पुढच्या लोखंडी दांडीवर आपटून त्याच्या डाव्या हाताचें हाड मोडलें. गाडी दुसऱ्या अंगास वळली असती तर काय झालें असतें हें आम्हीं पुढें कित्येक रात्रीं मोजून पाहिलें आहे. त्या दोहोंतून एक बाजू निवडण्यांत कोणाचेंच कर्तृत्व नव्हतें.

त्याच दुपारीं आम्ही तेथें गेलों. ड्रॅग लिंकचें टोंक बॉलवरून निघून जमिनीस लागलें होतें. स्क्रू नव्हता, स्प्रिंग नव्हती. पुढें स्क्रू रस्त्यावर सांपडला. तारेचा अर्धा तुकडा मात्र छिद्रांत तसाच होता. तिचीं टोंकें कशीं झिजलीं होतीं तें आम्हीं नीट पाहिलें. त्या स्क्रूस पाठीमागून स्प्रिंगचा सारखा रेटा असतो व रस्त्याचा प्रत्येक हादरा त्यास मागें फिरवूं पाहतो. त्यास अडवून धरणारी एकच वस्तु, ती पिन. पिन छिद्र भरून बसते, म्हणून तिला हालावयास जागा नसते. तार बारीक, ती छिद्रांत सैल राहते, प्रत्येक हादऱ्यास स्क्रूच्या कडेवर घांसली जाते आणि करवत लावल्याप्रमाणें तुटते. जुनी पिन सरळ करून पुन्हां घालणें हेंही जवळजवळ तसेंच आहे, कारण एकदां वाकवून सरळ केलेल्या पिनेस वाकलेल्या जागीं बारीक चीर पडलेली असते, ती डोळ्यांस दिसत नाहीं.

पुतण्या आम्हांस त्याविषयीं एक शब्दही बोलला नाहीं. तो बोलला असता तर बरें झालें असतें. मुलाचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्यें होता, आणि त्या सहा आठवड्यांत आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलों कीं सूनबाई चहा ठेवून आंत निघून जात.

तेव्हां पिनेविषयीं निक्षून लिहितों. ती प्रत्येक वेळीं नवी घालावी व छिद्रांत दाटून बसेल एवढ्या जाडीची घालावी. तिचे दोन्ही पाय उलट दिशांस वाकवावे व कोठें घांसणार नाहींत असे बसवावे. ड्रॅग लिंकचा स्क्रू प्रथम पुरता आवळून मग छिद्र जुळेपर्यंत किंचित् मागें घ्यावयाचा असतो, म्हणजे बॉलास वळण्यापुरती मोकळीक राहते. परंतु टाय रॉडच्या टोंकावरील खांचांच्या नटाचें उलट आहे. तेथें खांच व छिद्र जुळत नसेल तर नट आणखी पुढें आवळून जुळवावा, जुळविण्यासाठीं मागें सोडूं नये. या दोहोंची गल्लत केलेली आम्हीं चांगल्या जाणत्या माणसांकडूनही पाहिली आहे. पिना काम सुरू करण्यापूर्वींच आणून ठेवाव्या, काम संपतांना नव्हे.

सर्व बसल्यावर पुढील दोन्ही चाकें जॅकवर उचलून खालीं ठोकळे द्यावे व हातांतील चाक एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावें. कोठें अडतें काय, ब्रेकचा पाइप वा वायर आर्ममध्यें येते काय, टायर कोठें घांसतो काय, हें दुसऱ्यानें खालून पाहावें. त्यानंतरची पहिली चाल आपल्याच खळ्यांत किंवा नांगरलेल्या रानाच्या कडेनें, पायीं चालण्याच्या वेगानें घ्यावी. आठ दिवसांनीं पेटीचे बोल्ट, आर्मचा नट व पट्टा पुन्हां आवळून पाहावे, कारण नव्यानें जोडलेला जोड थोडा बसतो.

येथें एक इशारा दिल्यावांचून गत्यंतर नाहीं. वर लिहिलेलें सर्व जुन्या जीपविषयीं आहे, व त्याच बांधणीच्या हातस्टिअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरांसही तें बहुतांशीं लागू पडेल. नव्या मोटारीस तें लागू नाहीं. पूर्वीं समोरून धडक बसली कीं ताठ कॉलम मागें येऊन चालकाच्या छातींत शिरे. हें टाळण्यासाठीं अमेरिकेंत १९६८ पासून कायद्यानें दबणारा कॉलम आवश्यक केला गेला, व हल्लींच्या मोटारींत तो सर्वत्र असतो. धडकेच्या वेळीं आपोआप आखूड व्हावा अशीच त्याची घडण असल्यामुळें त्यावर हातोडीचा एक घाव बसला तरी तो आंतल्या आंत निकामी होऊं शकतो. शिवाय चाकाच्या मध्यभागीं एअरबॅग असते. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून चालकापुढील एअरबॅग नव्या मोटारींस सक्तीची झाली. ती दारूच्या स्फोटानें फुगते. बॅटरी सोडून पुस्तकांत सांगितलेला वेळ थांबल्यावांचून तिच्याजवळ पाना नेणें म्हणजे ठासलेल्या बंदुकीची नळी साफ करण्यासारखें आहे. चाकाखालीं तारांची एक गुंडाळी असते, ती कॉलम सुटा असतांना चाक मोकळें फिरविल्यानें तुटते. पुष्कळ लहान मोटारींत वीजमोटरही कॉलमवरच बसविलेली असते. म्हणून नव्या मोटारीचा कॉलम माहितगाराकडूनच उतरवावा. मालकानें फार तर एक गोष्ट स्वतः पाहावी. कॉलमचें खालचें टोंक ज्या सांध्यांत शिरतें त्याचा आवळणारा बोल्ट दांड्यावरील खांचेंतून आरपार गेला आहे कीं नाहीं, हें काम झाल्यावर दिवा धरून मिस्त्रीकडून दाखवून घ्यावें. खांच चुकवून बोल्ट आवळला तरी त्या दिवशीं सर्व घट्टच लागतें. नव्या ट्रॅक्टरांपैकीं पुष्कळांत तर चाक व पुढील आंस यांमध्यें केवळ तेलाच्या नळ्या असतात. तेथें आवळण्याऐवजीं नळ्यांची गळती पाहावयाची असते, आणि तो विषय निराळा आहे.

आमच्या पुतण्याची जीप अद्याप आहे. पुढील आंस सरळ करून घेतला, ड्रॅग लिंक नवी घातली. डॅशबोर्डाखालीं तंबाखूची एक जुनी डबी तारेनें टांगली आहे, तिच्यांत निरनिराळ्या जाडीच्या नव्या पिना असतात. तार आमच्याकडील बाइंडिंगचीच आहे, आणि ती तेवढ्यासाठीं ठीक आहे. बाजारास निघण्यापूर्वीं पुतण्या पोतें अंथरून गाडीखालीं जातो व एकेका पिनेस बोट लावून बाहेर येतो. ज्याचा हात मोडला होता तो मुलगा आतां मिसरूड फुटलेला तरुण झाला आहे. तो शेजारीं उकिडवा बसून विजेरी धरतो, आणि बाप विसरला तर मागच्या टोंकाकडे उजेड नेऊन दाखवितो.